गरोदर बाईचं औषध तोडू नका

घरातली गरोदर सून किंवा लेक ब्राऊन शुगर ओढते, किंवा ट्रामाडॉलच्या गोळ्यांवाचून तिला राहवत नाही, हे उघडकीला आलं की घरच्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं: ‘आजपासून बंद! पोटातल्या पोराचा तरी विचार कर.’ वाक्य काळजीपोटीच निघतं. पण ते मनावर घेऊन बाई खरोखरच आजपासून बंद करायला गेली, तर पुढच्या काही आठवड्यांत जे घडतं ते तिच्या आणि बाळाच्या जिवावर बेतू शकतं. अफूच्या कुळातल्या पदार्थांचं व्यसन जडलेल्या गर्भवतीला डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्याच कुळातलं दुसरं औषध द्यावं. रोज, ठरलेल्या मात्रेत, बाळंतपणापर्यंत आणि त्यानंतरही द्यावं, अशी आज जगभर मान्य असलेली वैद्यकीय शिफारस आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ सालच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ती स्पष्ट शब्दांत केली. भारतात हे औषध मिळतं. ते फुकट देणारी सरकारी केंद्रं आहेत. प्रसूतीची सरकारी रुग्णालयं तर तालुक्यातालुक्यांत आहेत. या दोन दारांमधली वाट मात्र अजून कुणी आखलेली नाही, आणि ती आखायला आता उशीर करू नये.

आधी शरीरात काय होतं ते पाहू. ब्राऊन शुगरमधल्या हेरॉइनचा अंमल काही तासांत उतरतो. व्यसन जडलेल्या माणसाला मग टर्की लागते: अंग मोडून येतं, पोटात मुरडा, उलट्या, जुलाब, घाम, नाकाडोळ्यांतून पाणी, डोळ्याला डोळा नाही. पुन्हा घेतलं की सगळं शांत. दिवसातून तीन-चार वेळा रक्तातलं प्रमाण असं वर चढतं आणि खाली आपटतं, आणि वारेतून ते बाळापर्यंत पोचत असल्यानं बाळही आईबरोबर तेच सोसत असतं. १९७० च्या दशकात काही डॉक्टरांनी नोंदवलं होतं, की गरोदरपणात टर्की लागली तर गर्भ दगावू शकतो. पुढे जास्त बायकांचा अभ्यास झाला तेव्हा ही भीती अतिरंजित असल्याचं दिसलं. देखरेखीखाली औषध सोडलेल्या अनेकींची मुलं सुखरूप जन्मली. हे इथे सांगितलंच पाहिजे, कारण चुकीचं भय दाखवून योग्य सल्ला देण्यात काही अर्थ नाही. खरा धोका पुढचा आहे. सोडलेल्यांपैकी कितीतरी जणी पुन्हा वळतात. मधल्या काळात शरीराची सोसण्याची ताकद घटलेली असते, आणि बाई मात्र जुन्या अंदाजानं पूर्वीचीच मात्रा घेते. श्वास मंदावत जातो आणि थांबतो. ज्या निर्धारानं तिनं व्यसन सोडलं, त्याच निर्धाराच्या वाटेवर हा मृत्यू बसलेला असतो.

म्हणून औषध. १९६५ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतले डॉ. व्हिन्सेंट डोल आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. मारी निसवँडर यांनी हेरॉइनच्या रुग्णांना मेथाडोन देऊन काय झालं ते प्रसिद्ध केलं. मेथाडोन शरीरात दिवसभर टिकतं. टर्की लागत नाही आणि योग्य मात्रेत गुंगीही येत नाही. माणूस कामाला जाऊ शकतो. गर्भवतींनाही ते दिलं जाऊ लागलं. नंतर ब्युप्रेनॉर्फिन आलं. त्याचा गुण असा की एका मर्यादेपलीकडे मात्रा वाढवली तरी त्याचा परिणाम फारसा वाढत नाही, त्यामुळे श्वास बंद पडण्याचा धोका मेथाडोनपेक्षा कमी. आपल्याकडे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नॅकोच्या केंद्रांमध्ये मुख्यतः हेच औषध मिळतं. परिचारिका गोळ्यांचा चुरा करते, तो जिभेखाली ठेवायला सांगते, आणि चुरा पूर्ण विरघळेपर्यंत माणसाला समोर बसवून ठेवते. बोलायचं नाही, गिळायचं नाही. गिळलं तर औषध वाया जातं, आणि खिशात घालून नेलं तर ते सुईवाटे भलत्याच कामाला लागू शकतं. हे सगळं मिनिटांचं काम असतं. त्या चिमूटभर चुऱ्यावर पुढचा अख्खा दिवस उभा राहतो.

‘म्हणजे एक नशा सोडवून दुसरी लावायची,’ हा आक्षेप यावर हमखास येतो. शिकली-सवरलेली माणसंही तो घेतात, काही वेळा डॉक्टरसुद्धा. या आक्षेपाला उत्तर बाईच्या दिवसाकडे पाहून मिळतं. गर्दवर जगणाऱ्या बाईचा दिवस पुडीच्या शोधात जातो. पुडीत काय मिसळलंय ते तिला ठाऊक नसतं, पैशांसाठी तिला काय करावं लागतं ते ती सांगत नाही, आणि सुई वापरत असेल तर एचआयव्ही आणि काविळीचे विषाणू वाटेवरच असतात. तपासणीला ती जात नाही, रक्त तपासत नाही, लोहाच्या गोळ्या घेत नाही. औषधावर आलेल्या बाईला रोज एका ठरलेल्या ठिकाणी जावं लागतं. तिथे कुणीतरी तिला नावानं ओळखतं, आणि गेल्या खेपेपासून तिचं वजन वाढलं की नाही ते विचारतं. बाळाचं वजन वाढणं, दिवस भरेपर्यंत पोटात राहणं हे या नियमितपणातून साधतं. एखादा रेणू अफूच्या कुळातला आहे म्हणून त्याला हेरॉइनच्या पंगतीला बसवणं हे रसायनशास्त्र असेल, वैद्यक मात्र नक्कीच नाही.

या उपचारातल्या दोन गोष्टी घरच्यांना, आणि खरं म्हणजे प्रसूती विभागालाही, माहीत असायला हव्यात. पहिली मात्रेची. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत बाईच्या शरीरातलं रक्ताचं आणि पाण्याचं प्रमाण वाढलेलं असतं, यकृत आणि मूत्रपिंडं अधिक वेगानं काम करत असतात. काल पुरणारी मात्रा आज पुरत नाही, संध्याकाळपासूनच टर्की लागायला लागते. अशा वेळी मात्रा वाढवावी लागते किंवा दिवसातून दोनदा विभागून द्यावी लागते. घरच्यांना वाटतं, व्यसन वाढलं. बाळाला त्रास होऊ नये म्हणून ते मात्रा कमी करायचा आग्रह धरतात, आणि बाई शेवटच्या दोन महिन्यांत पुन्हा पुडीकडे वळते.

दुसरी गोष्ट प्रसूतीच्या खोलीतली. कळा सुसह्य व्हाव्यात म्हणून आपल्या अनेक रुग्णालयांत पेंटाझोसिनचं इंजेक्शन दिलं जातं. इतर बायकांना ते चालतं. पण मेथाडोनवर असलेल्या, किंवा हेरॉइन घेणाऱ्या बाईला ते दिलं, तर ते आधीच्या औषधाला त्याच्या जागेवरून हुसकावतं आणि कळांच्या ऐन भरात तिला एकाएकी तीव्र टर्की लागते. ब्युप्रेनॉर्फिनवरच्या बाईलाही ते टाळायचं असतं. तिचं रोजचं औषध कळांच्या दिवशीही चालूच ठेवायचं, आणि वेदनाशमन वेगळं द्यायचं, कारण रोजची मात्रा वेदना थांबवायला पुरत नाही. पाठीच्या मणक्यातून दिलेली भूल अशा वेळी उत्तम. पण हे करायचं तर बाई कोणत्या औषधावर आहे ते डॉक्टरांना कळायला हवं. आणि ती सांगणार कधी? सांगितल्यावर आपल्याला हाकलणार नाहीत, चार लोकांसमोर बोलणार नाहीत, एवढी खात्री तिला असेल तेव्हाच.

मेथाडोन चांगलं की ब्युप्रेनॉर्फिन, या प्रश्नाचं सर्वांत गाजलेलं उत्तर डिसेंबर २०१० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’नं छापलं. डॉ. हेन्ड्री जोन्स आणि सहकाऱ्यांनी अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रियातल्या केंद्रांमध्ये १७५ गर्भवतींची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली. ‘मदर’ या नावानं हा अभ्यास ओळखला जातो. ब्युप्रेनॉर्फिनवर असलेल्या आयांच्या बाळांना टर्की शमवण्यासाठी सरासरी १.१ मिलिग्रॅम मॉर्फिन लागलं, मेथाडोनच्या गटात १०.४ मिलिग्रॅम. रुग्णालयातला मुक्काम पहिल्या गटात १० दिवस, दुसऱ्यात साडेसतरा. हे आकडे ऐकले की निकाल लागला असं वाटतं. पण त्याच अभ्यासात ब्युप्रेनॉर्फिनच्या गटातल्या ३३ टक्के बायकांनी उपचार अर्धवट सोडला, मेथाडोनच्या गटात हे प्रमाण १८ टक्के होतं. बाळासाठी सौम्य असलेलं औषध आईला धरून ठेवू शकलं नाही, तर त्याचा सौम्यपणा कुणाच्या कामाचा? जी बाई ज्या औषधावर टिकते, ते तिचं औषध. मेथाडोनवर स्थिर असलेल्या बाईचं औषध केवळ ती गरोदर राहिली म्हणून बदलू नये, हे आता प्रसूतितज्ज्ञांनीही मान्य केलं आहे. या अभ्यासातल्या ९६ मुलांवर पुढे तीन वर्षं लक्ष ठेवण्यात आलं. त्यांची वाढ आणि विकास सर्वसाधारण मर्यादेतच राहिल्याचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं.

बाळाला जन्मानंतर टर्की लागू शकते, हे मात्र खरं आहे, आणि ते कुणी लपवू नये. २०२२ मध्ये त्याच नियतकालिकात आलेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात, बाळंतपणापूर्वीच्या महिन्यात ब्युप्रेनॉर्फिन घेतलेल्या आयांच्या ५२ टक्के बाळांना आणि मेथाडोन घेतलेल्यांच्या ६९.२ टक्के बाळांना ही लक्षणं दिसली. नाळ कापली गेली की औषध येणं बंद होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळ चिरक्या आवाजात रडू लागतं. हातपाय थरथरतात, शिंका आणि जांभया थांबत नाहीत, दूध ओढायला जातं पण लय सापडत नाही, जुलाबानं ढुंगण सोलवटून निघतं. बघणाऱ्याचं काळीज हलतं. पण हा आजार ओळखता येतो, त्यावर उपचार आहेत, आणि तो बरा होतो. अशा बाळाला ‘जन्मजात व्यसनी’ म्हणणं तर सर्वस्वी चूक. व्यसनात माणूस नुकसान दिसत असूनही त्या पदार्थामागे धावतो. तीन दिवसांचं बाळ कशामागेच धावत नाही, त्याचं शरीर फक्त एका बदलाशी जुळवून घेत असतं.

या बाळांची काळजी कशी घ्यायची, यात गेल्या पन्नास वर्षांत जो बदल झाला तो मुळातून समजून घेण्यासारखा आहे. १९७५ साली फिलाडेल्फियाच्या डॉ. लोरेटा फिनेगन यांनी गुणांकनाचा एक तक्ता तयार केला. थरथर, शिंका, जांभया, घाम, ताप, रडण्याचा सूर, झोप अशी वीसेक लक्षणं, प्रत्येकाला गुण. दर तीन-चार तासांनी बेरीज करायची, ती ठरलेल्या रेषेवर गेली की मॉर्फिन सुरू. तोवर डॉक्टर अंदाजपंचे औषध देत होते, त्यामुळे हा तक्ता म्हणजे मोठीच प्रगती होती, आणि फिनेगन यांनी हजारो बाळांना मोजून-मापून औषध मिळण्याची सोय केली. दोष पुढे वापरात शिरला. बाळं अतिदक्षता विभागात, प्रखर दिव्यांखाली आणि यंत्रांच्या आवाजात ठेवली गेली. तक्ता भरण्यासाठी झोपलेल्या बाळाला कपडे काढून तपासायचं, मग ते रडतं, रडलं की गुण वाढतात, गुण वाढले की औषध वाढतं. आणि आई? ती भेटीच्या वेळेत काचेबाहेर.

येल विद्यापीठाच्या मुलांच्या रुग्णालयात डॉ. मॅथ्यू ग्रॉसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० नंतर हे एकेक करून बदललं. बाळाला आईच्याच खोलीत ठेवलं. दिवे मंद, आवाज कमी, बाळ सतत कुणाच्या तरी कुशीत, भूक लागेल तेव्हा अंगावरचं दूध. तक्त्याऐवजी तीन साधे प्रश्न. बाळ पुरेसं दूध पितंय का? एकदा झोपलं की तासभर सलग झोपतंय का? रडायला लागलं तर दहा मिनिटांत शांत होतंय का? तिन्हींचं उत्तर हो असेल तर औषध नको, मग ते कितीही शिंकत असो. नाही असेल तर आधी कुशीत घेणं, अंधार, दूध यांचं प्रमाण वाढवायचं. तरी जमलं नाही तर मॉर्फिनची एक मात्रा. २०१७ मध्ये त्यांनी निकाल छापले: सरासरी मुक्काम २२.४ दिवसांवरून ५.९ दिवसांवर आला, आणि मॉर्फिन द्यावं लागलेल्या बाळांचं प्रमाण ९८ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर. एका रुग्णालयाचा अनुभव म्हणून काहींनी तो बाजूला ठेवला. मग अमेरिकेतल्या २६ रुग्णालयांत १,३०५ बाळांवर हीच पद्धत पारखली गेली. २०२३ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात बाळं घरी जाण्याजोगी व्हायला १४.९ ऐवजी ८.२ दिवस लागले, आणि औषधाची गरज ५२ टक्क्यांऐवजी १९.५ टक्के बाळांना पडली.

आपल्या घरांत बाळंतिणीची खोली अशीच असते. अंधारी, ऊबदार, बाळ आईच्या कुशीत, वर्दळ कमी. जी गोष्ट सिद्ध करायला तिकडे अर्धशतक गेलं, तिच्यासाठी आपल्या ग्रामीण रुग्णालयाला एकही यंत्र विकत घ्यावं लागणार नाही. फक्त आई व्यसनी आहे म्हणून बाळाला तिच्यापासून तोडू नका, एवढंच सांगायचं आहे. आई औषधावर स्थिर असेल, दुसरं वैद्यकीय कारण आड येत नसेल आणि ती बाहेरचं काही घेत नसेल, तर तिनं अंगावर पाजावं. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन दुधात अगदी थोडं उतरतं.

या शास्त्राच्या नेमक्या उलट दिशेला जाऊन काय होतं, याचा प्रयोगही अमेरिकेतच झाला. टेनेसी राज्यात १ जुलै २०१४ पासून एक कायदा लागू झाला. गरोदरपणी बेकायदा अमली पदार्थ घेतले आणि त्यामुळे बाळाला इजा झाली, तर आईवर हल्ल्याचा गुन्हा, जवळपास वर्षभराची कैद. बाईनं उपचार घेतले तर तिला बचाव मिळेल अशी तरतूद होती. कायदा करणाऱ्यांचं म्हणणं, आम्हाला तिला तुरुंगात टाकायचं नाही, उपचाराकडे ढकलायचं आहे. हेतू खराही असेल. पण भीती माणसाला कुठे ढकलते ते कायद्याच्या पुस्तकावर ठरत नाही. बायका तपासणीला जाईनाशा झाल्या, काही जणी बाळंतपणाला राज्याबाहेर गेल्या. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलनं २०१७ च्या अहवालात या बायकांची बाजू नोंदवली आहे. मेगन बून आणि बेंजामिन मॅकमायकल या अभ्यासकांनी जन्म-मृत्यूच्या नोंदी तपासून काढलेला अंदाज तर हादरवणारा आहे: एकट्या २०१५ सालात या कायद्यामुळे २० गर्भमृत्यू आणि ६० अर्भकमृत्यू जास्तीचे झाले. बाळांना वाचवायला केलेला कायदा. जुलै २०१६ मध्ये त्याची मुदत संपली तेव्हा विधिमंडळानं तो पुढे चालवला नाही.

तिथे धडा घेतला गेला असं म्हणावं, तर शेजारच्या अलाबामात घरगुती अमली पदार्थांच्या कारखान्यांपासून मुलांना वाचवण्यासाठी २००६ मध्ये केलेला कायदा गर्भवतींवर लावला जात होता, आणि २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तबही केलं. दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटन शहरात त्याआधीच, १९८९ पासून, एका सरकारी रुग्णालयानं गर्भवतींची लघवी त्यांना न सांगता कोकेनसाठी तपासून निकाल पोलिसांकडे दिले होते. तीस बायकांना अटक झाली, त्यांतल्या एकोणतीस कृष्णवर्णीय. २००१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं असं संमतीशिवाय तपासणं घटनेविरुद्ध ठरवलं. पुढे आठ राज्यांतल्या ४५ लाखांहून अधिक जन्मांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा जिथे गर्भवतींना शिक्षा करण्याचं धोरण होतं तिथे टर्की लागलेली बाळं कमी होण्याऐवजी जास्तच जन्मल्याचं दिसलं. ग्लासगोमध्ये डॉ. मेरी हेपबर्न यांनी १९९० मध्ये दुसरी वाट धरली होती. व्यसन, गरिबी, घरातली मारहाण यांत सापडलेल्या गर्भवतींसाठी प्रसूतितज्ज्ञ, सुईणी, समाजसेवक आणि व्यसनाचे उपचार एका जागी आणले. बाईला चार दारं फिरावी लागली नाहीत, म्हणून ती आली.

आई, अफू आणि तान्हं मूल हा विषय मुंबईला नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी गिरणीत जाणाऱ्या बायका बाळाला अफूची बाळगोळी चाटवून खोलीवर निजवत आणि भोंगा झाला की कामावर पळत. १९२२ मध्ये डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांनी मुंबईतल्या गिरणी कामगार बायकांच्या बाळंतपणाची पाहणी केली, तेव्हा या बायकांची बहुतेक सगळी तान्ही मुलं अशी अफूवर वाढत असल्याचं त्यांनी नोंदवलं. त्या बायकांना माया नव्हती का? त्यांना पाळणाघर नव्हतं, आणि बाळंतपणाची पगारी रजा नव्हती. २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे आणि तो भार सरकारनंही उचलला पाहिजे, अशी भूमिका मांडली. १९२९ मध्ये तो कायदा झाला. आईला दोष देऊन मोकळं होण्याऐवजी तिच्या हातात काहीतरी ठेवण्याची ही परंपरा याच शहराची आहे.

आज आपल्याकडे चित्र काय? सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सनं केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सव्वादोन कोटींहून अधिक लोक अफूजन्य पदार्थ घेतात. पुरुषांत हे प्रमाण सुमारे चार टक्के, बायकांत ०.२ टक्के. आकडा छोटा दिसतो, पण देशाच्या लोकसंख्येला लावला की तो लाखांत जातो. शिवाय दारात आलेल्या अनोळखी माणसाला, घरच्यांच्या देखत, कुठली बाई ‘हो, मी घेते’ असं सांगेल? उपचारांची गरज असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक ज्या मोजक्या राज्यांत आहेत, त्यांत महाराष्ट्राचं नाव आहे. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी सुरू केलेल्या मुक्तांगणनं पुढे बायकांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग काढला, कारण पुरुषांसाठी आखलेल्या केंद्रात बाई पाऊल टाकत नाही हे तिथल्या लोकांनी पाहिलं होतं. व्यसनाचं पर्यायी औषध देणाऱ्या सरकारी केंद्रांचं, म्हणजे ओएसटी केंद्रांचं नेमकं हेच दुखणं आहे. ती सुईनं नशा करणाऱ्या पुरुषांना समोर ठेवून उघडली गेली. सात महिन्यांचं पोट घेऊन त्या रांगेत रोज सकाळी उभी राहणारी बाई दुर्मिळच.

कायद्याचीही भीती असते, आणि ती दूर करणारं कलम कायद्यातच आहे. अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायद्याच्या कलम २७ खाली सेवनालाही शिक्षा आहे. पण कलम ६४-अ सांगतं, की सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचाराला आली आणि तिनं उपचार पूर्ण केले, तर तिच्यावर खटला चालवता येत नाही. हे कलम किती आशाताईंना, किती परिचारिकांना कुणी समजावून सांगितलं आहे? प्रसूती विभागाच्या भिंतीवर ते मोठ्या अक्षरांत लावायला हवं.

नॅकोनं हे सगळं एकदा करून दाखवलेलं आहे. एचआयव्हीबाधित गर्भवतीला बाळंतपणाला घ्यायला रुग्णालयं नकार देत होती, तो काळ फार जुना नाही. आज प्रत्येक गर्भवतीची एचआयव्ही चाचणी नेहमीच्या तपासण्यांत होते, बाधित आईला औषध सुरू होतं, बाळावर पुढे दीड वर्ष लक्ष ठेवलं जातं. त्याच संघटनेकडे ब्युप्रेनॉर्फिनची केंद्रं आहेत. एका हातात आईची तपासणी, दुसऱ्या हातात व्यसनाचं औषध, आणि हे दोन हात एकमेकांना भेटत नाहीत. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. तिथे रक्तदाबाबरोबर दारू, तंबाखू, झोपेच्या किंवा वेदनेच्या गोळ्या, गर्द यांबद्दल प्रत्येकीला एकांतात विचारावं, सासूला बाहेर बसवून. जागतिक आरोग्य संघटनेचंही हेच सांगणं आहे: फक्त संशय येईल तिलाच नव्हे, सगळ्यांना, आणि दर खेपेला. हो म्हणणारीला त्याच आवारात औषध मिळावं. गर्भवतीला घरी न्यायच्या मात्रेची सवलत आधी मिळावी, आणि नववा महिना लागला की केंद्राच्या परिचारिकेनं प्रसूती विभागाला मात्रा लेखी कळवावी.

बाळंतपण झालं की मात्र सगळ्यांचं लक्ष उडतं, आणि धोका तर तिथून पुढेच वाढतो. मॅसॅच्युसेट्समध्ये व्यसनाची नोंद असलेल्या चार हजारांहून अधिक बाळंतिणींचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जास्त मात्रेनं जीव धोक्यात येण्याचं प्रमाण गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत सर्वांत कमी होतं, आणि बाळ सात ते बारा महिन्यांचं असताना सर्वांत जास्त. झोप नाही, पैसा नाही, घरातली माणसं आपापल्या कामाला, आणि ‘आता बाळ झालं, आता कशाला गोळी’ म्हणून कुणीतरी औषध बंद करायला लावलेलं. आपल्याकडे बाळाचे नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाची लस असते, म्हणजे नेमक्या याच काळात आई आरोग्य केंद्रात येते, कार्ड हातात घेऊन. लस टोचून झाली की परिचारिकेनं आईलाही विचारावं, गोळी चालू आहे ना. बंद झाली असेल, तर त्याच दिवशी तिला ओएसटी केंद्रात न्यायला आशाताईला सोबत पाठवावं, आणि त्या खेपेचा मोबदला आशाताईला मिळावा अशी तरतूद राज्याच्या आरोग्य खात्यानं करावी.